कंदलामाला दोन रात्री राहा, एक दिवस मोकळा ठेवा

श्रीलंकेच्या सहलीत कंदलामा हॉटेलला बरेच जण एकच रात्र देतात. संध्याकाळी उशिरा पोचायचं, जेवून झोपायचं, पहाटे सिगिरियाच्या खडकावरचा जुना किल्ला बघायला पळायचं. एवढे पैसे मोजून तसं करू नका. दोन रात्री घ्या. बजेटमध्ये बसत नसेल तर सहलीतलं दुसरं एखादं ठिकाण गाळा.

मी पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात ३० वर्षं नकाशे काढले. श्रीलंकेचे आर्किटेक्ट जेफ्री बावा यांचं हे काम एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून ताईला घेऊन गेले. हॉटेल १९९४ साली सुरू झालं. बावांना आधी सिगिरियाच्या पायथ्याजवळची जागा दाखवली होती. त्यांनी ती नाकारली आणि कित्येक किलोमीटर लांब, तलावाच्या काठचा हा कडा निवडला. सिगिरिया लांबूनच बघायचा, हा त्यांचा निर्णय. म्हणून बुकिंग करताना सिगिरियाच्या बाजूची खोली मागून घ्या. दर बहुतेक डॉलरमध्ये सांगतात, त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि कर धरलेत का, तेही तेव्हाच विचारा.

कोलंबोच्या विमानतळावरून गाडीने साडेतीन-चार तास लागतात. सकाळचं विमान घ्या, म्हणजे उजेडात पोचाल. हे महत्त्वाचं आहे, कारण आत शिरणं हाच इथला पहिला अनुभव. गाडीतून उतरलात की समोर झगमगाट नाही. गुहेत शिरावं तशी वाट, बाजूला खराखुरा कातळ. तो फोडलेला नाही, इमारतच त्याला वळसा घालून गेली आहे. मी हात लावला, गार होता. ती वाट वळते आणि एकदम समोर पोहण्याचा तलाव, त्याच्या काठापलीकडे कंदलामाचं पाणी आणि क्षितिजावर सिगिरियाचा खडक. सामान खोलीत जाऊ दे, तुम्ही इथेच थोडा वेळ थांबा.

खोली साधी वाटेल. भिंतींवर नक्षी नाही, जड पडदे नाहीत. ताई पहिल्यांदा म्हणाली, “एवढंच?” बाल्कनीत बसल्यावर तिला उत्तर मिळालं. बाहेर वेली, फांद्या, पाखरं, खाली पाणी. आंघोळ करतानाही काचेतून झाडंच दिसतात. डोळा बाहेर जावा म्हणून आत काही ठेवलेलं नाही. मात्र बाल्कनीचं दार उघडं टाकून खाली जाऊ नका. माकडं खोलीत शिरतात, चिवड्याची पिशवी तर टेबलावर ठेवूच नका.

दुसऱ्या दिवशी गाडी सांगू नका. सकाळी नाश्त्याला टोस्टच्या मागे न लागता आप्पा (वाटीच्या आकाराचं घावन), किरीबात (नारळाच्या दुधातला भात) आणि इंदिआप्पा घ्या. इंदिआप्पा म्हणजे आपले कोकणातले शिरवाळेच, फक्त गोड रसाऐवजी पातळ वरण आणि ओल्या नारळाचा तिखट पोल सांबोल. ताईने सलग दोन्ही दिवस तेच खाल्लं. मग इमारत पायी फिरा. जवळपास एक किलोमीटर लांब आहे, चपला आरामाच्या घाला. जिन्यापाशी शिल्पकार लाकी सेनानायके यांनी घडवलेलं भलंमोठं घुबड आहे. खालून, मग मधल्या मजल्यावरून आणि शेवटी वरून बघा, पंखांचा पसारा दर वेळी वेगळा दिसतो. दुपारी बाल्कनीत पुस्तक, नाहीतर नुसतं पाणी.

पाणी भरलेलं बघायचं असेल तर जानेवारी ते मार्च बरा. ऑक्टोबर ते डिसेंबर या भागात पाऊस असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात तलाव ओसरतो, पण तेव्हा जवळच्या मिन्नेरिया अभयारण्यात हत्तींचे कळप जमतात. पौर्णिमा तपासून घ्या. त्या दिवशी तिथे पोया, म्हणजे बौद्धांचा सण, देशभर सुट्टी, दारू मिळत नाही आणि जवळच्या दांबुल्लाच्या बौद्ध लेण्यांत भाविकांची गर्दी असते.

सिगिरिया निघायच्या दिवशी करा. ऊन चढायच्या आत, सातच्या सुमाराला पायथ्याशी पोचा, सुमारे १२०० पायऱ्या आहेत. वर पोचल्यावर ताईने कठड्याला टेकून आमचं हॉटेल शोधलं. लांबवर पाणी दिसलं, त्यामागचा डोंगर दिसला. एवढी मोठी इमारत काही केल्या सापडली नाही.