मुंबईत शनिवार-रविवार, आणि संग्रहालयात फक्त तीन वस्तू

पुण्याहून दोन दिवस मुंबईला संग्रहालयं बघायला निघणार असाल, तर आधी ती 'बघायलाच हव्यात अशा पंचवीस गोष्टी'ची यादी बाजूला ठेवा. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे सहलीही माझ्याच गळ्यात. पोरं दालनांतून धावत सुटतात आणि बाहेर आल्यावर त्यांना पेंढा भरलेले प्राणी तेवढे आठवतात. मोठी माणसं काही वेगळं करत नाहीत, फक्त जास्त फोटो काढतात. म्हणून माझा नियम: एका इमारतीत तीन वस्तू. बाकीच्यांवरून नजर फिरवायची, पण थांबायचं तिघांपाशीच.

शनिवारी सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन पकडा, साडेदहाच्या आसपास सीएसएमटीला उतरवते. मुक्काम नातेवाइकांकडे असेल तर सामान टाकायला आधी तिकडे अजिबात जाऊ नका. चहा, पोहे, 'जेवूनच जा ना आता', आणि शनिवार संपला. खांद्याला अडकवून चालता येईल एवढंच सामान घ्या. स्टेशनसमोर 'आराम' हॉटेलात वडापाव खाऊन काळा घोडा चौकापर्यंत चालत जा, दीडेक किलोमीटर आहे.

पहिलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पाया १९०५ मध्ये घातला, इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ मध्ये. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेटनं घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला, आणि त्या घुमटाखाली उभं राहिलात की जे कोरीव लाकडी खांब-महिरपी दिसतात, त्या नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेतलेल्या. इथे मान वर करून पाच मिनिटं द्या. ऑडिओ गाईड मराठीतही मिळतो, पण मी तो निवडलेल्या वस्तूपुरताच लावते. नाहीतर कान पुढे जातात आणि डोळे मागे राहतात.

माझी पहिली वस्तू ठरलेली: शिल्पदालनातला मीरपूर खासचा दाता, म्हणजे दान देणारा भक्त. मीरपूर खास म्हणजे आज पाकिस्तानातलं सिंध. तिथल्या बौद्ध स्तूपातून आलेली ही भाजलेल्या मातीची मूर्ती, साधारण दीड हजार वर्षांची. हातात कमळ, केसांच्या गुंडाळलेल्या बटा ओळीनं खाली उतरलेल्या. समोरून बघून झालं की जरा कडेला सरका आणि खांद्याची ओळ बघा, मग चेहरा. जमलं तर छोट्या वहीत पेन्सिलीनं काढा. चित्र वाईट येऊ दे, कोणी मार्क देणार नाही. पण काढताना बट कुठे संपते ते बघावंच लागतं. पेन नको, पेन्सिलच. उरलेल्या दोन वस्तू तुमच्या तुम्ही निवडा. अडलात तर कर्नाटकातल्या ऐहोळेच्या देवळातली छताची शिल्पं आहेत, नाहीतर वरच्या मजल्यावर लघुचित्रं. लघुचित्रांपुढे मात्र चष्मा घालूनच उभं राहा.

दुपारी थाळी खाल्लीत तर पुढचं काही दिसणार नाही. हलकं खा आणि शेजारच्या जहांगीर कलादालनात शिरा. १९५२ पासून आहे, प्रवेश फुकट. प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात. इथली खरी मजा म्हणजे चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. या हॉलसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात, तेव्हा तो आठवडा त्याच्यासाठी केवढा असेल बघा, आणि आपण मात्र त्याच्यासमोरून मान खाली घालून निघून जातो! 'छान आहे हं' म्हणू नका. 'यात सुरुवात कुठून केलीत?' एवढं विचारा, तो उठून उभा राहतो. किंमत विचारायलाही लाजायचं कारण नाही. चित्राखाली लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलं. बाहेर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात, तिथेही थांबा.

चौक ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. पाय बोलत असतील तर सोडून द्या. तिथे जिन्यांनी मजल्यामागून मजला चढायचा आहे.

रविवारी भायखळा. स्टेशनच्या पूर्वेला उतरून राणीच्या बागेपर्यंत चाला. आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं. (बुधवारी बंद असतं, आधुनिक कलावालं सोमवारी.) भाऊ दाजी मूळ गोव्याचे, पेशानं डॉक्टर, शिवाय जुने शिलालेख वाचणारे. संग्रहालयासाठी पैसा उभा करणाऱ्यांत ते आणि जगन्नाथ शंकरशेट होते. आत शिरताच सोनेरी मुलामा आणि हिरवट खांब बघून माणूस गांगरतो, आणि मग मातीच्या छोट्या बाहुल्यांकडे लक्षच जात नाही. त्या बघा. जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे धंदे, त्यांची पागोटी. मुलं बरोबर असतील तर त्यांना कागद द्या आणि वेगवेगळी पागोटी काढायला सांगा, तासभर निश्चिंती.

बाहेर दगडी हत्ती आहे, घारापुरीचा. ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हणतात तो हाच. इंग्रजांनी विलायतेला न्यायला उचलला आणि तो फुटला. पुढे तुकडे जोडून उभा केला. सांधे शोधा, सापडतात. आणि शनिवारच्या चौकाला ज्याचं नाव आहे तो मूळचा काळा घोडा, पाठीवरच्या राजासकट, १९६५ मध्ये हलवला तोही याच बागेत आहे. चौकात आता उभा आहे तो २०१७ चा, बिनस्वाराचा.

पेंग्विनची रांग बघून मोह झाला तर खुशाल जा, पण संग्रहालय आधी उरका. परतीची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून संध्याकाळी ५.१० ला सुटते. रविवारी रिझर्वेशनशिवाय तिच्यात बसायच्या भानगडीत पडू नका.