फॅमिली क्लबचा शिक्षण उपक्रम तिसऱ्या महिन्यात का ढेपाळतो? या चुका टाळा

चार-पाच कुटुंबं असोत नाहीतर चाळीस, फॅमिली क्लबच्या मीटिंगमध्ये कोणीतरी एकदा म्हणतंच की आपण जवळच्या वस्तीतल्या मुलांसाठी शिकवणी सुरू करू या, सगळे लगेच हो म्हणतात, खोली मिळते, वह्या येतात, पहिल्या दिवशी मुलंही भरपूर येतात. इथपर्यंत सगळं सोपं असतं. खरा प्रश्न पुढे सात-आठ आठवड्यांनी येतो, तेव्हा तीस मुलांची अकरा झालेली असतात आणि शिकवायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक 'या वेळी नाही जमणार' असा मेसेज टाकायला लागतात. तोपर्यंत सगळे म्हणतात की लोकांना शिक्षणाची किंमतच नाही. मला हे वाक्य अजिबात पटत नाही, कारण बहुतेक वेळा चूक त्याच्या खूप आधी, ठरवतानाच झालेली असते.

आणि ती चूक म्हणजे विचारलंच नाही.

क्लबने बसून ठरवलं की इंग्लिश स्पीकिंग घेऊ, कारण क्लबमध्ये दोघंतिघं छान इंग्रजी बोलणारे आहेत. वस्तीतल्या पालकांना मात्र हवं होतं की संध्याकाळी आम्ही कामावर असताना मुलांचा अभ्यास घ्यायला कोणीतरी असावं, किंवा एखाद्या आईला स्वतःलाच शाळेतून आलेला कागद नीट वाचता यायला हवा होता. म्हणून सुरू करायच्या आधी दहा-पंधरा घरांत दोघादोघांनी जा, फॉर्म नको, नुसतं बसून बोला. मुलं नक्की कधी मोकळी असतात, ती कुठे अडतात, आणि याआधी कोणी असं काही सुरू केलं होतं का, केलं असेल तर ते का बंद पडलं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, त्याच्या उत्तरात तुमच्या पुढच्या वर्षभराच्या अडचणी आधीच कळतात. जवळच्या शाळेतल्या बाईंशी किंवा सरांशीही बोला, नाहीतर त्यांना वाटतं आपल्या कामात कोणीतरी चुका काढायला आलंय. आणि मुलांना पण विचारा. युनोच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलमच सांगतं की मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे.

दुसरी मोठी चूक, इयत्तेप्रमाणे गट पाडणं. पाचवीची सगळी मुलं एका सतरंजीवर बसवली की वाटतं झालं काम, पण त्यातल्या एकाला गोष्ट घडाघडा वाचता येते आणि शेजारच्याला जोडाक्षर आलं की तो थांबतो, मग शिकवणारा मधल्या कोणालातरी धरून शिकवतो आणि दोन्ही टोकांची मुलं हळूहळू यायची बंद होतात. 'प्रथम' ही शिक्षणात काम करणारी संस्था १९९५ साली मुंबईत सुरू झाली, त्यांनी ज्या पद्धतीवर पुढे भर दिला ती साधी आहे, मूल कितवीत आहे ते बाजूला ठेवायचं, त्याला आत्ता काय येतं ते बघून गट करायचे. आता झांबियासारख्या देशांतही ही पद्धत वापरतात. क्लबला हे सहज जमतं. एका कागदावर थोडी अक्षरं, थोडे सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट लिहा, प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला सांगा, पाचेक मिनिटांत कळतं. गणिताला एकअंकी संख्या, दोनअंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. फक्त हे बाकीच्या मुलांसमोर करू नका, आणि गटांना 'हुशार', 'कच्चे' असली नावं तर चुकूनही देऊ नका, मुलांना ती कायमची चिकटतात. दीड-दोन महिन्यांनी परत बघा आणि गट बदला. बरेच जण पहिली चाचणी घेतात आणि दुसरी घेतच नाहीत, मग अक्षरांच्या गटातलं मूल वाचायला लागलं तरी तिथेच बसून राहतं.

आता शिकवणाऱ्यांबद्दल. 'ज्याला जसं जमेल तसं या' असं म्हटलं की दर आठवड्याला मुलांपुढे नवा चेहरा येतो, आणि तो पहिल्यापासून नाव विचारण्यात अर्धा तास घालवतो. त्यापेक्षा दहा-बारा आठवड्यांचं एक सत्र ठरवा, शेवटची तारीख आधीच सांगा, लोक ठरावीक मुदतीसाठी हो म्हणतात आणि ते पाळतातही. प्रत्येक गटाला दोन ठरलेली माणसं, शिवाय एक बदली. प्रत्येक गटाची एक वही, त्यात आज काय झालं, कोण कुठे अडलं एवढंच दोन ओळीत, म्हणजे बदली माणूस आला तरी गाडी थांबत नाही. फॅमिली क्लबची इथे एक खास अडचण असते, ती लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. आपण नवरा-बायकोची जोडी एकाच गटाला देतो, छान वाटतं, पण पोराची परीक्षा आली, घरी आजारपण आलं किंवा सुट्टीला बाहेर गेले की दोघंही एकदम गायब, गट मोकळा. म्हणून एका गटाला दोन वेगवेगळ्या घरांतली माणसं द्या. आणि क्लबमधल्या घरांच्या सुट्ट्या साधारण एकाच वेळी येतात, तेव्हा वर्ग बंद ठेवायचा की नाही हे आधीच ठरवून पालकांना सांगा, ऐनवेळी कुलूप बघून परत गेलेलं मूल पुढच्या वेळी यायला कचरतं.

आपल्या स्वतःच्या मुलांचं काय करायचं? त्यांना 'छोटे टीचर' करून वस्तू वाटायला उभं करतात, ते मला खटकतं. एक मूल देणारं आणि दुसरं घेणारं, हे दोघांच्याही मनात बसतं. आपल्या मुलांनाही तीच चाचणी द्या आणि त्याच गटात बसवा, ती पण शिकणारीच आहेत.

पालकांना नुसतं बाहेर बसवून ठेवणं ही पण चूकच. १९६९ मध्ये इस्रायलमध्ये 'हिप्पी' (HIPPY) नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात लहान मुलांना घरी त्यांचे पालकच शिकवायचे आणि पालकांना ते कसं करायचं हे दाखवायला त्यांच्याच वस्तीतल्या बायका घरोघरी जायच्या. क्लबने एवढं मोठं काही करायची गरज नाही, पण ज्या आईवडलांना वाचता येत नाही त्यांनाही सांगता येतं की मुलाला रोज रात्री एक गोष्ट सांगायला लावा आणि मध्ये मध्ये विचारा, मग पुढे काय झालं? ते त्यांना जमतं, आणि मुलाचं शिकणं घरातल्यांना दिसायला लागलं की उपस्थिती आपोआप टिकते.

फोटो आणि सुरक्षितता यावर मी कडक आहे. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत कधीच नको, कितीही ओळखीचा असो, नेहमी दोन मोठी माणसं आणि दार उघडं. कोण कोणाला घ्यायला येणार ते लिहून ठेवा. फोटोसाठी पालकांना आधी विचारा, मुलालाही विचारा, आणि 'गरजू मुलं' असं लिहून चेहरे ग्रुपवर टाकू नका, उद्या त्याच्याच शाळेतलं कोणीतरी ते बघतं. वर सांगितलेल्या बालहक्क करारातलं १६ वं कलम मुलांच्या खासगीपणाबद्दल आहे.

वस्तूवाटपाबद्दल फार बोलत नाही, दप्तरं द्या पण त्याच दिवशी वर्ग सुरू झाला असं समजू नका.

मुलं कमी झाली तर सगळ्यांना परत बोलावणं पाठवून फायदा नसतो, हजेरी उघडून आधी बघा कोण थांबलं. मोठ्या मुली थांबल्या असतील तर बरेचदा धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं, मग त्या लहानग्यांनाही घेऊन यायला सांगा, कोपऱ्यात चटई आणि चित्रांची पुस्तकं ठेवा. एकाच गटातली मुलं गळत असतील तर तिथलं शिकवणं खूप सोपं किंवा खूप अवघड होतंय. सगळीकडून थोडीथोडी गळत असतील तर वेळ चुकली आहे. सलग दोनदा न आलेल्या मुलाच्या घरी कोणीतरी जाऊन यावं, रागवायला नाही, विचारपूस करायला. आणि वर्षाच्या रिपोर्टमध्ये 'एकूण इतकी मुलं आली' या आकड्यापेक्षा तीच मुलं किती वेळा आली आणि कितींचा गट बदलला हे लिहा.

शेवटचं म्हणजे, बहुतेक क्लबमध्ये अध्यक्ष दरवर्षी बदलतो आणि नव्या अध्यक्षाला नवं काहीतरी करायचं असतं. म्हणून या कामाला दोन-तीन वर्षं टिकणारी वेगळी छोटी समिती द्या, तिचा हिशोब वेगळा ठेवा, वह्या आणि चाचण्या तिच्याकडे राहू द्या. आणि खरंच बंद करायची वेळ आली तर महिनाभर आधी मुलांना आणि पालकांना तोंडाने सांगा, कोणाला कुठपर्यंत येतं त्याची चिठ्ठी प्रत्येक घरी द्या, पालकांना चालत असेल तर एक प्रत शाळेतल्या बाईंकडे पण द्या.