स्प्रिंगच्या सीटपोस्टवर सीटची उंची कशी लावावी

सायकलला सस्पेन्शनची सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची स्प्रिंगची दांडी, बसवली की कंबरेला आराम पडतो, पण थोड्याच दिवसांत गुडघा कुरकुरायला लागतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: उंची रिकाम्या सीटवर मोजलेली असते. माणूस बसला की पोस्ट दबते, सीट सेंटिमीटरभर खाली येते आणि पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला गुडघा जरुरीपेक्षा जास्त वाकतो.

घेण्याआधी दोन मापं घ्या. जुन्या पोस्टवर तिचा व्यास कोरलेला असतो: 27.2, 30.9 किंवा 31.6 मिमी अशी मापं नेहमीची. नवी पोस्ट नेमकी त्याच मापाची हवी किंवा बारीक पोस्टला योग्य शिम (फट भरणारी पातळ नळी) हवी. सैल पोस्ट कितीही आवळली तरी हळूहळू खाली उतरते. दुसरं माप फ्रेमच्या क्लॅम्पपासून सीटखालच्या सळ्यांपर्यंतचं. स्प्रिंगच्या यंत्रणेला स्वतःची जागा लागते. हे अंतर कमी असेल, तर सीट हवी तितकी खाली येणारच नाही. तुमची उंची कमी आणि फ्रेम मोठी असेल तर हे माप चुकवू नका.

आता स्प्रिंगचा ताण. सरकत्या नळीच्या पोस्टमध्ये तो तळाच्या बोल्टने बदलतो, म्हणून पोस्ट बाहेर काढावी लागते. अ‍ॅलन कीने घट्ट केलं की बसताना पोस्ट कमी दबते. 40 मिमी दबणाऱ्या पोस्टवर नुसतं बसल्यावर 8 ते 10 मिमी दबलं पाहिजे. बोल्ट नळीच्या तोंडाबाहेर येऊ देऊ नका. प्रत्येक स्पीडब्रेकरला पोस्ट तळाला आपटत असेल तर बोल्ट पिळत बसू नका, वजनाला साजेशी कडक स्प्रिंग टाका. ताण वाढवल्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही.

उंची लावताना कुणाला तरी सायकल धरायला सांगा आणि सीटवर पूर्ण वजन टाकून बसा. पेडल सर्वांत खाली आणा, त्यावर टाच ठेवा. कंबर न झुकवता पाय सरळ झाला पाहिजे. मग पेडलवर चवडा ठेवला की गुडघ्यात साधारण 25 ते 35 अंशांचा बाक उरतो. ज्या पायताणात सायकल चालवता तेच घालून मोजा. जाड तळाची कोल्हापुरी आणि पातळ बूट यांत सहज 5 मिमीचा फरक पडतो.

गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली किंवा फार पुढे आहे. गुडघ्याच्या मागे ताण येत असेल, कंबर डावी-उजवी हलत असेल, तर ती उंच आहे. एका वेळी 3 मिमीच बदला आणि आठवडाभर चालवून पाहा. पोस्टवरची किमान खोलीची रेघ मात्र फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. सीट पुढे-मागे लावायला ओळंबा वापरा: पेडल आडवी असताना पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला दोरा पेडलच्या आसाजवळ यावा. मग उंची पुन्हा तपासा, कारण सीट मागे सरकली की पेडलपासूनचं अंतरही वाढतं.

रंकाळ्याभोवतीच्या सपाट रस्त्यावर ही चूक जाणवत नाही. पन्हाळ्याच्या चढाला बसून जोर लावला की लगेच कळते. तिथे हलका गिअर घ्या. जड गिअरवर रेटलं तर बरोबर लावलेली सीटही गुडघ्याला वाचवत नाही. गुडघे आधीच नाजूक असतील तर समांतर दांड्यांची पोस्ट बघा. तिच्यात सीट खाली जाताना मागेही जाते, म्हणून पेडलपासूनचं अंतर कमी बदलतं. महाग आहे, पण या कामाला तीच चांगली. गुडघ्याला सूज आली तर पाने-हत्यारं खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

इथल्या पावसात सरकत्या नळीत पाणी आणि चिखल शिरतो, म्हणून पोस्टवर वरून रबरी आवरण चढवा. पावसाळा सरला की पोस्ट उघडून पुसा आणि पाण्याला टिकणारं ग्रीस लावा. सीटचं नाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. किंचित हालचाल चालते. खटखट लागली तर आतले बुश (नळीला सरकताना आधार देणारे भाग) झिजलेत, ते बदला.