रंग आणि आकार यांची सांगड मेंदू कशी घालतो, हे घरी कसे तपासावे

नवरात्रात वडोदऱ्यातील मोठ्या मैदानावर गरब्याची वर्तुळे वेगाने फिरत असताना एकच कटाक्ष टाकून नजर वळवली, तर केशरी ओढणी आणि हिरवी चणिया दिसल्याचे आठवते; पण दोन्ही एकाच मुलीच्या अंगावर होती की दोघींच्या, हे सांगताना घोटाळा होतो. रंग, आकार आणि गती यांवर मेंदूतील वेगवेगळ्या क्षेत्रांत काम चालते. त्यांची सांगड घालावी लागते आणि घाईत ती चुकते. ही चूक घरी पकडता येते. पुढील रीत अ‍ॅन ट्रीसमन आणि हिलरी श्मिट यांच्या १९८२ सालच्या प्रयोगावर बेतलेली आहे.

लॅपटॉपवर वीसेक स्लाइड तयार कराव्यात. प्रत्येकीवर दोन टोकांना काळे अंक आणि मधे तीन वेगवेगळ्या रंगांची अक्षरे असावीत. रंग एकूण सहा ठरवून त्यांतूनच निवडावेत. आपल्या वडोदऱ्याकडची पुष्कळ मुले गुजराती आणि मराठी दोन्ही वाचतात, म्हणून लिपी एकच ठेवावी. नाहीतर चूक सांगडीची की वाचनाची, हे कळणार नाही. स्लाइड सुमारे ०.२ सेकंद दाखवून लगेच रंगीत ठिपक्यांची स्लाइड आणावी. पाहणाऱ्याने आधी अंक सांगावेत, मग अक्षरे व त्यांचे रंग. अंकांचा आग्रह सोडू नये, कारण लक्ष टोकांना गुंतले तरच मधली सांगड सैल पडते. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्याला बसवू नये.

खरी मेख मोजणीत आहे. चुकलेल्या रंगांचे दोन रकाने करावेत: त्याच स्लाइडवरील दुसऱ्या अक्षराचा रंग, आणि स्लाइडवर नसलेलाच रंग. निव्वळ अंदाज असेल, तर उरलेल्या पाच रंगांपैकी दोन पहिल्या रकान्यात आणि तीन दुसऱ्यात येतात, म्हणजे दुसरा रकाना भरलेला दिसायला हवा. पहिलाच स्पष्टपणे मोठा निघाला, तर रंग दिसला होता, फक्त चुकीच्या अक्षराला चिकटला, असे म्हणता येते.

ही सांगड मेंदू घालतो कशी, याचे एक सुचवलेले उत्तर मेंदूतील विद्युत लहरींत आहे; आता त्यांच्याकडे. १९८९ मध्ये फ्रँकफर्टचे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ झिंगर यांच्या गटाने मांजराच्या मेंदूतील दृष्टीच्या भागातल्या दूरदूरच्या चेतापेशी पाहिल्या. डोळ्यांसमोरून एकच लांब पट्टी सरकली की त्या पेशी सेकंदाला सुमारे ४० ते ६० आवर्तनांच्या लयीत, म्हणजे गॅमा लयीत, एकत्र स्पंदत. दोन पट्ट्या उलट दिशांना गेल्या की तो मेळ नाहीसा होई. एकाच वस्तूचे भाग एका ठेक्यात येतात आणि त्यावरून मेंदू ते एकत्र धरतो, हा विचार इथून बळावला. मेंदूशास्त्रज्ञ पास्कल फ्रीस यांनी २००५ मध्ये त्याला वेगळे वळण दिले: ठेका जुळलेल्या क्षेत्रांमध्येच निरोप नीट पोहोचतो. मात्र सुप्रतिम रे, जे आता बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत, आणि जॉन मॉन्सेल यांनी २०१० मध्ये माकडांत दाखवले की चित्रातील उजेड-अंधाराचा फरक बदलला की या गॅमा लयीची वारंवारताही बदलते. एकाच वस्तूचा एक भाग ठळक आणि दुसरा फिकट असेल, तर दोन्ही भागांनी एक ठेका धरणे कठीण होते. म्हणून गॅमाला सांगडीचे सिद्ध कारण म्हणणे मला घाईचे वाटते, आणि आपल्या रकान्यांवरून लहरींविषयी काहीच सिद्ध होत नाही.

प्रत्यक्ष लय पाहायची असेल, तर डोक्यावरून मेंदूची विद्युत लय टिपणारे ईईजी यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत अल्फा लय दाखवण्याची विनंती करावी. डोळे मिटताच डोक्याच्या मागील बाजूस सेकंदाला ८ ते १३ आवर्तने उमटतात, उघडताच दबतात. बाजारात मिळणाऱ्या, डोक्याला बांधायच्या ईईजी पट्ट्यांवर गॅमा शोधू नये. कपाळाच्या स्नायूंची आणि डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालींची विद्युत त्यात सहज मिसळते.