गुन्हेमालिकेच्या एपिसोडचं परीक्षण लिहिताना या चुका टाळा

खुन्याचं नाव लिहायचं नाही, एवढं सगळ्यांना कळतं. पण नाव न घेताही खुनी फोडता येतो आणि नवे लेखक नेमकं तेच करतात. ‘शेजाऱ्याचं काम करणाऱ्या नटाने शेवटच्या दहा मिनिटांत कमाल केली आहे.’ झालं! दोन प्रसंगांपुरत्या शेजाऱ्याला शेवटी एवढा वाव मिळतो, म्हणजे कबुलीजबाब त्याचाच. ‘शेवट अजिबात ओळखता येत नाही’ हे वाक्यही तसंच. वाचक मग सगळ्यांत निरुपद्रवी दिसणाऱ्या माणसावरच डोळा ठेवतो. म्हणून अभिनयाबद्दल लिहिताना मी पहिल्या अर्ध्या भागातलेच प्रसंग घेते.

दुसरी चूक माझ्या फार डोक्यात जाते. न बघताच ‘कथेत गफलत आहे’ असा शिक्का मारणं. एका होतकरू मुलाचं परीक्षण माझ्याकडे तपासायला आलं होतं. अर्धा लेख एकाच आक्षेपावर: खोलीला आतून कडी होती, हे तपास अधिकाऱ्याला कळलंच कसं? भाषा तिखट, आवेश मोठा. मी एपिसोड लावला. पंचनामा चालू असताना मागे उभा असलेला शिपाई ते चक्क बोलून दाखवतो, कॅमेराही उखडलेल्या कडीवर क्षणभर थांबतो. त्या वेळी हा मुलगा मेसेज वाचत होता आणि पुढचा भाग त्याने दीडपट वेगाने पाहिला होता. दीडपट वेगाने पाहिलेल्या एपिसोडवर कुणी एक ओळही लिहू नये. आपलं लक्ष दुसरीकडे असतं तेव्हाच पटकथाकार दुवा पेरतो, कसब असतं ते याच ठिकाणी. मी पहिल्यांदा वही मिटून पाहते, मग पुन्हा वही उघडून. प्रत्येक आक्षेपापुढे मिनिट टिपते. मिनिट दाखवता आलं नाही, तर आक्षेप खोडते.

कथेचा बाज ओळखा. ‘कोलंबो’ या अमेरिकी गुन्हेमालिकेत खुनी बहुधा सुरुवातीलाच दिसतो, तिथे ‘रहस्यच उरलं नाही’ ही तक्रार गैरलागू. तो पकडला कसा जातो, यात सगळी गंमत आहे.

डॉक्टरने प्रेताच्या ताठरपणावरून मृत्यूची वेळ मिनिटापर्यंत सांगितली, तर मात्र खुशाल झोडपा. ताठरपणा साधारण 2 ते 4 तासांत जाणवू लागतो, 12 तासांच्या आसपास सर्वांगात भिनतो, पण थंडी-उष्म्याने हे गणित बरंच मागेपुढे होतं. डीएनए अहवाल पुढच्याच प्रसंगात आला, तर तेवढी सूट द्या; कथेची अख्खी भिस्त त्या घाईवर असेल तरच बोला.

कथानक सांगण्यात तीन परिच्छेद घालवू नका.

आणि श्रेयनामावली थांबवून वाचा. अनेक मालिकांत एपिसोडगणिक लेखक-दिग्दर्शक बदलतात. ज्याने हा भाग लिहिला, त्याचंच नाव परीक्षणात यायला हवं.