लेक एरीवर वॉलआयसाठी ट्रोलिंग: या चुका टाळा

मे महिना लागला की ओहायो-मिशिगनमधल्या आपल्या मंडळींचे मला फोन सुरू होतात. सोळा-सतरा फुटांची जुनी बोट घेतलेली असते, रॉड आणलेले असतात, सोनार तर इतका भारी की तळातला दगड न् दगड दिसावा. आणि तक्रार एकच: "मासे स्क्रीनवर ढिगाने दिसतात, लागत मात्र नाहीत." दर वर्षी त्याच त्या चुका ऐकून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय. वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाने इतक्या भरलेल्या तळ्यातून लोक रिकाम्या हाताने परततात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे लूर, म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष, ओढत नेणं. तुमचा लूर बोटीमागे शंभर-दीडशे फुटांवर, डोळ्यांआड चाललेला असतो. तो आत्ता किती खोल आहे आणि किती वेगाने चाललाय, हे कोणी विचारलं तर चटकन सांगता आलं पाहिजे. ते येत नसेल तर तुम्ही नुसती बोट फिरवताय.

माशांच्या खालून लूर नेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. वॉलआयच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक पाण्यातही त्याला छान दिसतं. तो वर बघतो आणि वरचं खातो. डोक्यावरून पाच फुटांवर काही गेलं तर उठून येईल. पोटाखालून गेलेल्या लूरसाठी तो सहसा खाली वळत नाही.

एका जुलैमध्ये ओहायोतल्या ह्युरन गावाहून एका मित्राच्या बोटीतून निघालो होतो. पाणी बेचाळीस फूट, मासे बावीस ते अठ्ठावीस फुटांत, सोनारवर अगदी स्पष्ट. त्याने सहा लाइन्स सोडल्या, सगळ्या अंदाजपंचे. "अजून थोडी सोडू, मोठे खालीच असतात," असं म्हणत तो सोडतच गेला. मग तळाशी राहणारे शीपहेड मासे यायला लागले, एकामागून एक. त्याला वाटलं रंग चुकतोय. जांभळा काढला, हिरवा लावला, हिरवा काढून सोनेरी. तासभर हेच चाललं. शेवटी मी एक लाइन गुंडाळून लूर हातात घेतला. तिन्ही गळांना राखाडी चिखल माखलेला, आणि एका गळात झेब्रा शिंपल्याचं कवच अडकलेलं. म्हणजे लूर तळाला घासत होता, माशांच्या खाली चौदा-पंधरा फूट.

सगळ्या लाइन्स आत घेतल्या. कोणता लूर किती लाइन सोडल्यावर किती खोल जातो, याचे तक्ते मिळतात. तो समोर धरला आणि दोन लाइन्स अठरा फुटांवर, दोन वीसवर, दोन तेवीसवर बसतील अशा मोजून सोडल्या. पुढच्याच फेरीत वीस फुटांवरचा रॉड वाकला, आणि मग दुपारपर्यंत तीच खोली चालली. रंग कोणता होता हे त्या मित्राला आज आठवतही नाही.

माझी सवय अशी: प्रत्येक रॉड होल्डरवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर किती लाइन सोडली तो आकडा पेनने लिहायचा. मासा लागला की तोच आकडा परत. फोनमधल्या ॲपवर माझा विश्वास नाही, ओल्या हातांनी ते कोणी उघडत नाही.

किती लाइन सोडली ते मोजणाऱ्या लाइन-काउंटर रीलबद्दलही एक सांगतो. स्पूल (लाइन गुंडाळायची चकरी) पूर्ण भरलेला असेल तेव्हाच तो खरं बोलतो. अर्धी लाइन तुटून गेली आणि पुन्हा भरली नाही, तर काउंटर शंभर दाखवेल आणि प्रत्यक्षात त्याहून कमी लाइन पाण्यात असेल. तक्ता दहा पाउंड ताण झेलणाऱ्या मोनोसाठी (एकाच धाग्याची नायलॉन लाइन) असेल तर लाइनही तीच वापरा. जाड मोनोवर लूर उथळ चालतो, बारीक ब्रेडवर (धागे विणून केलेली लाइन) जास्त खोल जातो. एवढं न पाळता "तक्ता चुकीचा आहे" म्हणणारे मला दर वर्षी भेटतात.

प्लेनर बोर्ड लावून गर्रकन वळणं

1980च्या दशकाच्या शेवटी झेब्रा शिंपले आले आणि एरीचं पाणी पूर्वीपेक्षा बरंच स्वच्छ झालं. बोटीच्या सावलीने, आवाजाने मासे बाजूला सरकतात, म्हणून लाइन्स दोन्ही बाजूंना दूर नेणारे बोर्ड इथे लागतातच. पण बोर्ड लावले की बोट रस्त्यावरच्या गाडीसारखी वळवता येत नाही. डावीकडे वळलात तर डावे बोर्ड जवळजवळ थांबतात आणि उजवे धावत सुटतात. थांबलेल्या बाजूला क्रँकबेट (ओढला की खाली बुडणारा, माशाच्या आकाराचा लूर) वर तरंगतो, वजन लावलेलं गांडूळ तळाला बसतं, आणि वळण पुरं होईपर्यंत तीन लाइन्सचा एकच गोळा. तो सोडवायला कात्रीच लागते.

वळण इतकं मोठं घ्या की वळतोय हे बोटीत बसलेल्या माणसाला जाणवू नये. घाईच असेल तर एका बाजूच्या लाइन्स आत घ्या, मग वळा. हा वेळ वाया जात नाही.

हेच वळण तुम्हाला फुकट माहितीही देतं, आणि नवे लोक ती सोडून देतात. आतल्या बाजूच्या रॉडला मासा लागला तर वेग कमी करा, बाहेरच्या बाजूला लागला तर वाढवा. मी मुद्दाम सरळ रेषेत फार वेळ जात नाही. हलके नागमोडी जातो आणि बघत राहतो.

वेगाचा ठोकताळा असा: स्पिनरमागे (पाण्यात फिरणारं चकचकीत पातं) गांडूळ असेल तर तासाला एक ते दीड मैल, क्रँकबेटला दीड ते अडीच. वसंतात पाणी थंड असताना खालच्या टोकाला राहा. मात्र जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग सांगतो, लूर पाण्यातून चालतो. प्रवाहाबरोबर दोन मैल आणि प्रवाहाविरुद्ध दोन मैल हे लूरच्या दृष्टीने अगदी वेगळे वेग आहेत. रॉडच्या टोकाकडे बघा. लूर नीट चालत असेल तर टोक एकसारखं थरथरतं. एका दिशेने जाताना मासे लागतात आणि परतीच्या फेरीत काहीच नाही, असं झालं की कारण बहुधा हेच असतं.

किनाऱ्यावरून पाणी शांत दिसलं म्हणून निघणं

इथे मी कडक बोलणार आहे. एरी उथळ आहे. पश्चिमेकडच्या भागाची सरासरी खोली जेमतेम 24 फूट. वारा सुटला की लाटा झटपट उठतात, उंच आणि एकमेकींना चिकटून, छोट्या बोटीला दोन लाटांमध्ये सावरायला जागाच मिळत नाही. ओहायोच्या किनाऱ्यावर दक्षिणेचा वारा सगळ्यात फसवा. रॅम्पजवळ (बोट पाण्यात सोडायचा उतार) पाणी काचेसारखं, कारण वारा जमिनीवरून येतोय. पाच मैल आत गेलात की लाटा मोठ्या, आणि परतताना त्या तोंडावर. वाऱ्याबरोबर मजेत ट्रोल करत आत आत जाणारी मंडळी हे विसरतात. नोआचा (अमेरिकेची सरकारी हवामान संस्था) किनाऱ्यालगतचा अंदाज आदल्या रात्री आणि पहाटे, दोन्ही वेळा वाचा. मी शक्य तेव्हा सकाळीच वाऱ्याविरुद्ध पुढे जातो आणि ट्रोलिंग करत रॅम्पच्या दिशेने उतरतो. मासे दुसरीकडे आहेत असं कोणी रेडिओवर सांगितलं तरी लाटा बघूनच ठरवतो.

पश्चिमेचा जोरदार वारा पाणी पूर्व टोकाच्या बफेलोकडे ढकलतो आणि पश्चिम टोकाच्या टोलेडोकडची पातळी काही फुटांनी उतरू शकते. सकाळी ज्या रॅम्पवरून बोट सोडली तिथे संध्याकाळी ट्रेलर टेकवायला पाणी उरलं नाही, असंही होतं.

चालक पडला तर इंजिन बंद करणारी, त्याच्या अंगाला अडकवायची दोरी छोट्या बोटींना 2021पासून बंधनकारक आहे. हळू चालत असताना नियम सूट देतो. तरीही ट्रोलिंग करताना ती लावा, एकटे असाल तर नक्कीच. दीड मैलाचा वेग ऐकायला काहीच वाटत नाही, पण कपडे-बूट घालून पाण्यात पडलेल्या माणसाला चालती बोट गाठता येत नाही. लाइफ जॅकेट अंगात हवं. सीटखाली ठेवलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही.

बाकीच्या, थोडक्यात

बोर्ड किंचित मागे पडलाय का, यावर लक्ष ठेवा. छोटा व्हाइट पर्च लागला तर झटका जाणवत नाही, आणि लोक तो मेलेला मासा तासभर ओढत बसतात. गवताचा एक धागा गळात अडकला तरी लूरची चाल बिघडते, म्हणून अधूनमधून लाइन आत घेऊन बघा.

लूर एका बाजूला पळत असेल तर तोंडाशी असलेली कडी पकडीने विरुद्ध बाजूला वाकवा, केसभरच. नवीन लूरसुद्धा बोटीशेजारी चालवून बघितल्याशिवाय सोडू नका.

मासा लागल्यावर रॉड हिसकू नका. चालत्या बोटीने गळ आधीच रुतवलेला असतो. एकसारखं गुंडाळा, बोट चालू ठेवा, बोर्ड काढायला दुसऱ्याला हात लावू द्या आणि जाळी डोक्याच्या बाजूने घाला.

मासे शोधता शोधता कॅनडाची हद्द ओलांडू नका. तिकडे गरवायला ऑन्टारिओचं लायसन्स लागतं. ओहायोत माणशी रोज 6 वॉलआय आणि किमान लांबी 15 इंच. मोजपट्टी बोटीत चिकटवून ठेवा आणि हंगामाच्या सुरुवातीला नियम पुन्हा वाचा.

आणि बर्फ न्या. जुलैत लाइव्हवेलमधलं (मासे जिवंत ठेवायची बोटीतली टाकी) पाणी कोमट होतं, मासा त्यात मरून पडला की मांस लिबलिबीत होतं. ठेवायचा मासा आला की लगेच कल्ल्याशी चीर देऊन रक्त जाऊ द्या आणि कूलरमध्ये बर्फात गाडा. घरी फिले काढताना गालांचे तुकडे फेकू नका. हळद-तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तळायला अख्ख्या वॉलआयमध्ये त्याहून चांगला भाग नाही.