नवी बुरशी शोधायची म्हणजे जुन्या सगळ्या वगळायच्या

बेळगावच्या शिवारातल्या कुठल्याही उसाच्या मुळाला चिकटलेली चिमूटभर माती अगारच्या (बुरशी वाढवायच्या घट्ट, पोषक जेलीच्या) थाळीत घातली, तर आठवड्याच्या आत कितीतरी तऱ्हेच्या बुरशी उगवतात. त्यातली एखादी ओळखीची वाटत नाही आणि नवखा विद्यार्थी तिथेच नाव ठेवायला बसतो. बहुतेक वेळा ती ॲस्परजिलस, पेनिसिलियम नाहीतर फ्युजेरियमची जुनीच जात निघते, फक्त वेगळ्या माध्यमावर, म्हणजे वाढीच्या खाद्यावर, वेगळी दिसणारी. या कामातला मोठा वेळ "ही आधी कुणी नोंदवलेली नाही" हे सिद्ध करण्यात जातो, आणि त्याची तयारी शेतातच सुरू होते.

आपल्या भागाचा फायदा असा की एकाच दिवसात तीन तऱ्हांची माती मिळते. खानापूरकडे भाताची तांबडी, आम्लधर्मी जमीन, येळ्ळूर-वडगावच्या बाजूला भात आणि भाजीपाला, अथणी-चिकोडीला उसाची काळी, चुनखडीयुक्त जमीन. निपाणीची तंबाखू वेगळीच. एकच पीक दोन प्रकारच्या मातीत घेतलेले असेल तर तिथून सुरुवात करावी, तुलना आपोआप होते.

नमुना वाफशावर घ्यावा. चिखलात घेतला तर पिशवीतली हवा संपते आणि जिवाणू माजतात. कडक ऊन लागलेल्या कोरड्या मातीत फक्त चिवट बीजाणू उरतात. बांधापासून आत जाऊन, एका शेतातून दूरदूरची पाच रोपे खुरप्याने मुळासकट काढावीत, वरची काडीकचरा असलेली माती बाजूला सारून 10 ते 20 सेंटिमीटर खोलीवरून. मूळ हलके झटकावे. जी माती पडते ती साधी शेतमाती, जी चिकटून राहते ती आपली. खुरपे प्रत्येक शेतानंतर 70 टक्के अल्कोहोलने पुसायचे. पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि शक्यतो 24 तासांत कामाला लागायचे. प्रयोगशाळेत लगेच वेळ नसेल तर 4 अंशांवर ठेवा, डीप फ्रीझरमध्ये मात्र टाकू नका.

शेतकऱ्याला विचारायच्या गोष्टी नमुन्याइतक्याच महत्त्वाच्या. मागचे पीक कोणते? लावण की खोडवा? बेणे बुरशीनाशकात बुडवले होते का? आळवणी कधी झाली? आणि सगळ्यात महत्त्वाचे, ट्रायकोडर्माची (रोगकारक बुरशींना रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची) पावडर टाकली होती का? टाकली असेल तर तुमच्या थाळीतला झपाट्याने पसरणारा हिरवा ट्रायकोडर्मा दुकानातल्या पाकिटातूनही आलेला असू शकतो. खानापुरात मराठी चालते, अथणी-गोकाककडे कन्नड बोलणारा सोबती घ्या. पिशव्या, खुरपी आणि मोबाइलवर जागा टिपणारी माणसे दिसली की जमीन मोजायला आलेत असा संशय येतो, म्हणून आधी "काका, तुमच्या मुळाची माती तपासायचीय" असे सांगून परवानगी घ्यावी.

नोंदीत गाव, तालुका, पीक, वाण, तारीख, सामू आणि अक्षांश-रेखांश असावेत. सीमाभागात एकाच गावाची दोन-तीन स्पेलिंगं सापडतात आणि जुन्या लेखांत 'बेळगाव'चे इंग्रजी रूप वेगळे आहे, तेव्हा फक्त गावाच्या नावावर विसंबू नये.

आता थाळी. 10 ग्रॅम माती 90 मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात 15 ते 20 मिनिटे हलवायची आणि दहापट-दहापट पातळ करत हजार आणि दहा हजार पटींपर्यंत न्यायची. प्रत्येकी 0.1 मिलिलिटर रोझ बेंगाल अगारवर पसरवा. एका लिटरला रोझ बेंगाल (बुरशीचा पसारा आवरणारा रंग) सुमारे 33 मिलिग्रॅम आणि स्ट्रेप्टोमायसिन (जिवाणू मारणारे प्रतिजैविक) 30 मिलिग्रॅम. स्ट्रेप्टोमायसिन ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) टाकू नका, माध्यम 45 ते 50 अंशांपर्यंत निवले की घाला. थाळ्या अंधारात ठेवा, कारण प्रकाशात रोझ बेंगालपासून बुरशीलाच विषारी असे पदार्थ तयार होतात. मग बुरशी कमी दिसल्या की माती निकस, असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. 25 ते 28 अंशांवर तिसऱ्या दिवसापासून रोज बघायचे. रायझोपस, म्युकर आणि ट्रायकोडर्मा आठवडा भरण्याआधीच थाळी व्यापतात, म्हणून हळू वाढणाऱ्या छोट्या वसाहती दिसताच उचलाव्यात. नवे काही असेल तर तिथेच असण्याची शक्यता जास्त.

फक्त एका पद्धतीवर थांबू नका. पातळ द्रावणाने भरपूर बीजाणू सोडणाऱ्या बुरशीच वर येतात. मुळाचे तुकडे निर्जंतुक पाण्याने वीसेक वेळा धुऊन अगारवर ठेवले तर मुळाला घट्ट चिकटलेल्या वेगळ्या जाती मिळतात. मातीचे द्रावण 60 अंशांवर अर्धा तास तापवले तर उष्णता सोसणाऱ्या जाती, टॅलरोमायसिससारख्या, हाती येतात.

प्रत्येक वसाहत एका बीजाणूपासून शुद्ध करावी. पाणी-अगारवर पातळ पसरून 16 ते 20 तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेला एकच बीजाणू उचलायचा. हा टप्पा टाळलात तर पुढे दोन बुरशींची मिसळ एकच नवी जात म्हणून छापली जाईल. संवर्धन (थाळीत वाढवलेली शुद्ध बुरशी) वारंवार नव्या थाळीत बदलत राहिले तर बीजाणू देणे थांबते, म्हणून पहिल्याच पिढीतली काही नळ्यांत 15 ते 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये -80 अंशांवर ठेवावी. आणि माइट, म्हणजे बारीक कोळीकीटक! एक माइट सगळ्या थाळ्या फिरून बीजाणू मिसळून ठेवतो. थाळ्यांच्या कडा टेपने बंद करा.

ओळख पटवताना माध्यम आणि दिवस ठरलेले असावेत. ॲस्परजिलस-पेनिसिलियमसाठी चापेक यीस्ट अगार आणि माल्ट अगार, 25 अंश, अंधार, तीन बिंदूंवर रोपण, 7 दिवस. बटाटा-डेक्स्ट्रोजवर मोजलेला व्यास जुन्या वर्णनांशी जुळवणे बेकार. लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रवात किमान 30 बीजाणू मोजा.

डीएनएचा भाग नवख्यांना सोपा वाटतो, कारण तो बाहेर करून मिळतो. खरी फसवणूक तिथेच. आयटीएस हा डीएनएचा भाग 2012 पासून बुरशींचा अधिकृत बारकोड, म्हणजे ओळखखूण, मानला जातो, पण फ्युजेरियम, ट्रायकोडर्मा, पेनिसिलियममध्ये जवळच्या जाती त्याने वेगळ्या होत नाहीत. तिथे फ्युजेरियम-ट्रायकोडर्मासाठी टीईएफ-१, पेनिसिलियम-ॲस्परजिलससाठी बीटा-ट्युब्युलिन आणि कॅल्मोड्युलिन हे जनुक लागतात. डीएनएच्या अनुक्रमाचे वाचन दोन्ही बाजूंनी करून घ्या आणि वाचनाच्या आलेखाची अस्पष्ट टोके छाटून टाका. जमा असलेल्या अनुक्रमांशी 97 टक्केच जुळणी दिसली म्हणून नवी जात ठरत नाही, वाचनच गढूळ असू शकते. उलट 100 टक्के जुळणी चुकीच्या नावाने जमा केलेल्या अनुक्रमाशीही होते. तुलना मूळ नमुन्याच्या (ज्यावरून त्या जातीचे नाव ठेवले गेले त्या नमुन्याच्या) संवर्धनातून मिळालेल्या अनुक्रमांशीच करावी आणि वंशवृक्ष एकापेक्षा जास्त जनुकांवर काढावा.

मायकोरायझा, म्हणजे जिवंत मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीचा रस्ता पूर्ण वेगळा. ती बुरशी अगारवर एकटी वाढतच नाही. 100 ग्रॅम मातीचे ओले चाळण 710 पासून 45 मायक्रॉनपर्यंत, मग साखरेच्या द्रावणातून बीजाणू वेगळे करणे, मेल्झरच्या द्रवात (आयोडीनयुक्त रंगद्रवात) बीजाणूच्या भिंतीचे थर पाहणे, आणि ज्वारी किंवा मक्याच्या कुंडीत तीन-चार महिने जोपासना. बेळगाव परिसरातल्या कोबीच्या शेतात हे शोधू नका, कोबी-मोहरीच्या कुळाला मायकोरायझा लागतच नाही.

शिक्षणाचा विचार करत असाल तर बीएस्सीला वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावे, कृषीकडून आलात तर धारवाडच्या कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र. पुढे सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा निघाली तर कनिष्ठ संशोधकवृत्ती 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. ओळख पटवायची सवय मात्र पदवीआधीच, सूक्ष्मदर्शकावर हात बसवून, लावावी लागते.

सगळे जुळून आलेच तर कागदी कामे उरतात. जैवविविधता कायदा 2002 नुसार नव्या जातीची माहिती नियुक्त संग्रहालयाला कळवून नमुना जमा करावा लागतो. बुरशींसाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय संवर्धन संग्रह आहे, आणि तिथेच वाळवलेले नमुने ठेवणारे अजरेकर संग्रहालयही. मूळ नमुना म्हणून जिवंत, वाढती नळी चालत नाही. वाळवलेला किंवा चयापचय थांबवलेला नमुना लागतो. नाव मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरम या बुरशीनावांच्या ऑनलाइन नोंदवह्यांत नोंदवून मिळालेला क्रमांक लेखात छापणे 1 जानेवारी 2013 पासून बंधनकारक आहे. वर्णन इंग्रजी किंवा लॅटिनमध्ये. जातीला गावाचे नाव द्यायचे तर त्याचा शेवट पहिल्या नावाच्या लॅटिन लिंगाशी जुळवा: ॲस्परजिलसला 'एन्सिस', पेनिसिलियम आणि फ्युजेरियमला 'एन्से'. क्रमांक लेख स्वीकारल्यावर, छापण्याआधी घेतला की नावात शेवटच्या क्षणी बदल झाला तरी नोंद चुकत नाही.